पवळ्याला गुण लागला, तो ढवळ्याचाच कशावरून?

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या विज्ञान महाविद्यालयांच्या संशोधन-प्रकल्प मान्यता समित्यांचे अध्यक्ष व सदस्य

स.न.वि.वि.

पेशीसंवर्धनाच्या प्रकल्पांत यंदापासून एका प्रयोगाला एकच कंट्रोल (तुलनेसाठीचा फ्लास्क) मंजूर करायचा, बाकीचे फ्लास्क, मीडियम (पेशींना पोसणारं द्रावण), सीरम (त्यात घालायचा रक्तातला द्रव) हवं असेल तर विद्यार्थ्याने पदरमोड करून आणायचं, असा निर्णय आपल्यापैकी एका समितीने घेतला आणि बघता बघता इतरांनीही तो उचलला. पहिली समिती कोणती, हे इथे लिहायचं कारण नाही. हरकत निर्णयाला आहे. काटकसर आम्हालाही कळते. सीरमची बाटली जपून कशी वापरायची हे आम्हाला कुणी शिकवायला नको. पण किरण मिळालेल्या पेशी आणि किरण न मिळालेल्या त्यांच्या शेजारणी एकमेकींवर काय परिणाम करतात, हा विषय घेऊन विद्यार्थी येऊ लागले आहेत, आणि या विषयात कंट्रोल कापणं म्हणजे प्रयोगाचाच गळा कापणं.

आमच्यातले काही जण पेशी वाढवतात, काही किरणोपचार विभागात डोस मोजतात, काही वर्गात शिकवतात. विद्यार्थ्यांचे फ्लास्क शेवटी आमच्याच टेबलावर येतात. त्यांच्या पोस्टरवरचं वाक्य वाचून धास्तावलेले रुग्णांचे नातेवाईकही आमच्याच दाराशी येतात. म्हणून हे पत्र बंद पाकिटातून न पाठवता सगळ्यांसमोर ठेवतो आहोत.

वाचकांसाठी आधी विषय सांगतो. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, ही म्हण पेशींना लागू पडते हे १९९२ मध्ये ठळकपणे दिसलं. नागासावा आणि लिटल यांनी चिनी हॅमस्टरच्या पेशींवर अल्फा कणांचा इतका विरळ मारा केला की शंभरातल्या एकाही केंद्रकाला धड कण लागला नसेल. तरी गुणसूत्रांतली अदलाबदल वाढलेली दिसली ती शंभरातल्या तिसेक पेशींत. मग १९९७ मध्ये मदरसिल आणि सीमोर यांनी किरण दिलेल्या पेशींवरचं नुसतं मीडियम काढून, गाळून, दुसऱ्या पेशींवर घातलं, तर त्या पेशींच्या वसाहती (एकेका पेशीपासून वाढलेले पुंजके) कमी झाल्या. २००१ मध्ये अझाम, लिटल आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की पेशी एकमेकींना खेटून असतील तर निरोप त्यांच्यामधल्या दारांतून, म्हणजे गॅप जंक्शनमधून, थेटही जातो. या दारांच्या चौकटी कनेक्सिन-४३ सारख्या प्रथिनांच्या असतात. (ती दारं बंद करायला प्रयोगशाळेत जे रसायन वापरतात त्यातलं एक, ग्लिसरेटिनिक आम्ल, आपल्या ज्येष्ठमधातून निघतं.)

म्हणजे वाटा दोन: भिंतीला भिंत लागून, नाहीतर मीडियममधून. निरोप्ये मात्र बरेच आहेत. ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू, नायट्रिक ऑक्साइड, टीजीएफ-बीटा, इंटरल्यूकिन-६ आणि ८, शिवाय पेशींनी बाहेर सोडलेल्या बारीक पिशव्या. खरी अडचण इथेच सुरू होते. यातले बरेचसे निरोप्ये पेशी किरणांशिवायही पाठवते. थंडी वाजली, पीएच बिघडला, उपासमार झाली, फ्लास्क हिंदकळला, की तिची ओरड सुरू. मग पवळ्याला लागलेला गुण ढवळ्याचा की गोठ्याचा? ते ठरवायला गोठा तोच आणि ढवळ्या नाही, असा एक पवळ्या बांधावा लागतो. त्यालाच आम्ही कंट्रोल म्हणतो, आणि या प्रयोगात गोठे एकापेक्षा जास्त आहेत.

गाऱ्हाणं पहिलं, प्रवासाचं.

आपल्या महाविद्यालयांत लिनॅक, म्हणजे किरणोपचाराचं यंत्र, नाही, असायचं कारणही नाही. विद्यार्थी फ्लास्क घेऊन रुग्णालयात जातो, शेवटचा रुग्ण आटोपला की भौतिकतज्ज्ञ त्याला पाच मिनिटं देतात. ०.५ ग्रेला (ग्रे हे किरणांच्या डोसचं एकक) ढोबळमानाने ५० एमयू, म्हणजे यंत्राच्या मोजणीची एककं, लागतात. मिनिटाला ६०० एमयूच्या वेगाने ते पाच सेकंदांचं काम. त्या पाच सेकंदांसाठी फ्लास्क गंगापूर रोडवरून निघतो, द्वारका चौकात अडकतो, पाऊण तासाने पोचतो आणि तितक्याच वेळाने परततो. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड होता. रिक्षात मे महिन्यात चाळीस अंश असतं, डिसेंबरात निफाडकडून येणारा विद्यार्थी असेल तर विचारूच नका. झाकण हवा खेळणारं असेल तर कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचा तोल सुटतो आणि लालसर मीडियम जांभळट गुलाबी होतं. परतलेला फ्लास्क इनक्युबेटरजवळ उभा राहून उजेडात धरला की हा रंग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. आणि नियमात बसणारा तो एकुलता एक कंट्रोल? तो सकाळपासून महाविद्यालयातच, इनक्युबेटरच्या वरच्या फळीवर आरामात बसलेला असतो.

या दोन फ्लास्कांत फरक आढळला तर तो किरणांचा आहे, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं? किरण न देता पण सगळा प्रवास घडवलेला फ्लास्क हवा. आम्ही त्याला शॅम म्हणतो. तो त्याच खोक्यात, त्याच रिक्षात जातो, त्याच उपचार-टेबलावर बीम बंद ठेवून तितकाच वेळ राहतो, आणि बीम सुरू असताना खोलीबाहेर कन्सोलजवळ थांबतो. खोलीतल्या कोपऱ्यात ठेवून चालत नाही, तिथे विखुरलेले किरण पोचतातच. झाकणं घट्ट बंद होणारी घ्यावीत, ती इनक्युबेटरमध्ये गॅस भरल्यावर लावावीत, मीडियममध्ये २० ते २५ मिलिमोलर हेपीस (पीएच सांभाळणारं रसायन) घालावं, आणि खोक्यात ३७ अंशांच्या पाण्याच्या बाटल्या ठेवून तापमापी लावावा. बर्फाचा खोका नको. तो लसींसाठी ठीक आहे.

गाऱ्हाणं दुसरं: ज्या शेजारणीला किरण मिळालेच नाहीत असं लिहिलं जातं, तिला ते मिळालेले असतात.

अर्ध्या फ्लास्कावर बीम, अर्धा झाकलेला, अशी मांडणी विद्यार्थ्यांना आवडते, कारण चित्र छान येतं. पण ६ एमव्हीच्या लिनॅकमध्ये बीमची कड सुरीने कापल्यासारखी नसते. ती काही मिलिमीटर पसरट असते. कोलिमेटरच्या (बीमला आकार देणाऱ्या भागाच्या) पात्यांमधून साधारण एक ते दोन टक्के डोस आरपार जातो. मोकळ्या बाजूला ५ ग्रे दिले तर झाकलेल्या बाजूला यातूनच ५० ते १०० मिलिग्रे गेले. मीडियम आणि प्लॅस्टिकमधून विखुरलेले किरण वेगळेच. एवढ्या डोसने पेशी स्वतःच्याच हिशेबाने ओरडू शकते, तिला शेजारणीच्या निरोपाची गरज नाही. काही जण क्ष-किरण विभागातला शिशाचा एप्रन फ्लास्कभोवती गुंडाळतात. अर्धा मिलिमीटर शिसं निदानाच्या क्ष-किरणांसाठी असतं. ६ एमव्हीचा बीम त्यातून जवळपास सगळाच पार होतो. या ऊर्जेला नुसता निम्मा करायलासुद्धा सेंटिमीटरहून जास्त जाडीचं शिसं लागतं, आणि तीन टक्क्यांपर्यंत आणायचं तर ओतीव ठोकळा साडेसात सेंटिमीटरचा लागतो.

उलट चूकही होते, ज्यांना किरण द्यायचे त्यांनाच पुरेसे न मिळण्याची. २५ चौरस सेंटिमीटरच्या फ्लास्कात ५ मिली मीडियम म्हणजे फक्त २ मिलिमीटरचा थर. ६ एमव्हीचा डोस पूर्ण चढायला दीड सेंटिमीटर खोली लागते. वरून बीम मारला तर तळाला चिकटलेल्या पेशींना छापील आकड्यापेक्षा कमी डोस मिळतो, किती कमी ते फ्लास्कातल्या हवेच्या पोकळीवर अवलंबून. गळ्यापर्यंत मीडियम भरून ही पोकळी काढता येते, असं सुचवलं जातं. येते, पण मग ५ मिलीच्या जागी साठ-सत्तर मिली झालं आणि पेशींनी सोडलेला निरोप बारा-चौदा पट पातळ झाला. त्यापेक्षा फ्लास्काखाली दीड सेंटिमीटरचा ॲक्रिलिकचा तुकडा ठेवावा, गॅन्ट्री (यंत्राचा फिरता हात) १८० अंशांवर नेऊन बीम खालून द्यावा, आणि तुकडा व फ्लास्क यांच्यामध्ये डोस मोजायची फिल्म सरकवावी. फिल्मचा एक तुकडा झाकलेल्या बाजूखालीही. हे दोन आकडे ज्या प्रबंधात नाहीत, त्यात बाकी काय आहे हे वाचायची तसदी आम्ही घेत नाही, आणि समितीनेही घेऊ नये.

गाऱ्हाणं तिसरं, गाळणीचं आणि गाळल्यानंतरच्या सगळ्याचं.

मीडियम बदलण्याचा प्रयोग वरवर सोपा वाटतो, म्हणून तोच सर्वाधिक निवडला जातो. दात्या फ्लास्कात, म्हणजे ज्यातलं मीडियम काढून घ्यायचं त्यात, सुमारे दोन लाख पेशी. किरण दिल्यावर तासाभराने मीडियम काढायचं, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळायचं, आणि सहा तास आधी ५०० पेशी पेरलेल्या फ्लास्कावर घालायचं. नऊ-दहा दिवसांनी क्रिस्टल व्हायोलेटने रंगवून पन्नासहून जास्त पेशींच्या वसाहती मोजायच्या. यात घसरायच्या जागा पुष्कळ. सिरिंज जोरात दाबली की गाळणी फाटते आणि किरण मिळालेल्या पेशीच पलीकडे जाऊन बसतात. गाळलेलं थोडं मीडियम रिकाम्या डिशमध्ये दहा दिवस ठेवलं तर हे उघड होतं. नायलॉनच्या गाळणीला प्रथिनं चिकटतात, म्हणजे निरोप्याच दारात अडकतो. पॉलिइथरसल्फोन किंवा पीव्हीडीएफची घ्यावी. कंट्रोलचं मीडियमही तशाच गाळणीतून गेलं पाहिजे. दात्या फ्लास्कांत पेशींची संख्या वेगवेगळी असेल तर एकात ग्लुकोज जास्त संपलेलं, लॅक्टेट जास्त साठलेलं, आणि दिसतो तो परिणाम उपासमारीचा. त्यासाठी एक जुळा फ्लास्क आधीच मोजून घ्यावा.

सगळ्यांत दुर्लक्षित कंट्रोल म्हणजे पेशी नसलेलं, पण किरण दिलेलं मीडियम. किरणांनी पाण्याचे रेणू फुटतात, हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. तसलं मीडियम घातल्यावर पेशी कमी झाल्या तर तो रसायनाचा प्रताप. त्यात कुणी कुणाला काही कळवलेलं नाही. सीरमचंही तसंच. त्यातल्या सेरोटोनिनच्या प्रमाणावर परिणामाचा आकार आणि प्रकार ठरतो, असं मदरसिल यांच्या गटानेच २०१० मध्ये दाखवलं. अर्धा प्रयोग एका बॅचच्या सीरमवर आणि अर्धा दुसऱ्या, असं झालं की तो टाकून द्यावा. प्रत्येक पेशीवंश निरोप धाडतोच असंही नाही. १९९७ च्या त्या प्रयोगात किरण दिलेल्या त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींच्या मीडियमने परिणाम घडवला, फायब्रोब्लास्टच्या (आधार-ऊतीतल्या पेशींच्या) मीडियमने नाही. त्यामुळे परिणाम न दिसणं हे विद्यार्थ्याचं अपयश धरून गुण कापू नका.

आता मोजणीचा हिशेब. हा कुणीही कागदावर करून पाहावा. कंट्रोलच्या एका फ्लास्कात १५० वसाहती आल्या, किरण दिलेल्या पेशींचं मीडियम घातलेल्या एका फ्लास्कात १२०. फरक ३०. केवळ योगायोगाने होणारी चढउतार साधारण बेरजेच्या वर्गमुळाइतकी, म्हणजे २७० चं वर्गमूळ, सोळा-साडेसोळा. फरक तिच्या दुप्पटही नाही. तीन-तीन फ्लास्क असते आणि बेरीज ४५० व ३६० आली असती, तर फरक ९० आणि चढउतार साडेअठ्ठावीस: तिपटीहून जास्त. तेच प्रमाण, तोच २० टक्क्यांचा फरक. पहिल्यात बोलायला जागा नाही, दुसऱ्यात आहे. प्रत्यक्षात हाताच्या चुकांमुळे चढउतार याहून मोठीच असते. मोजणाऱ्याला कोणता फ्लास्क कोणता हे माहीत असेल तर सेहेचाळीस पेशींची वसाहत कधी धरली जाते, कधी सोडली जाते, आणि ती कोणत्या बाजूला धरली जाते हे सांगायला नकोच. फ्लास्कांवर आकड्यांच्या चिठ्ठ्या दुसऱ्याने लावाव्यात, यादी मार्गदर्शकाकडे बंद राहावी. याला तर एक पैसाही लागत नाही.

गाऱ्हाणं चौथं लहान आहे. परिणाम एकाच दिशेने जातो असं धरून प्रकल्प मंजूर होतात. हाँगकाँग आणि चीनमधल्या संशोधकांनी २०११ मध्ये उलटी बाजू दाखवली: धडधाकट शेजारणी सोबत असल्या की किरण मिळालेल्या पेशींतली इजा कमी दिसते. त्यामुळे किरण मिळालेल्या पेशी एकट्या, आणि त्याच पेशी शेजारणींसह, असे दोन्ही फ्लास्क लागतात. आपल्या नियमात दुसऱ्याला जागाच नाही.

गाऱ्हाणं पाचवं सगळ्या शहराचं आहे. कच्च्या प्रयोगावरून पक्कं पोस्टर तयार होतं, त्याचा फोटो फिरतो, आणि किरणोपचार सुरू असलेल्या बाईंच्या घरी नातवंडांना त्यांच्याजवळ जाऊ देत नाहीत. लिनॅकचा बीम बंद झाला की संपला. रुग्णाच्या अंगात किरण उरत नाहीत. रेडिओआयोडीन घेतलेल्या किंवा शरीरात किरणोत्सर्गी बिया बसवलेल्या रुग्णांचे नियम वेगळे असतात आणि ते त्यांना लेखी दिले जातात. पेशींचा शेजार एका शरीरात किंवा एका मीडियममध्ये असतो, बाकावर शेजारी बसलेल्या दोन माणसांमध्ये नसतो. २००६ मध्ये ट्राउट माशांच्या बाबतीत पाण्यातून निरोप गेल्याचं दिसलं हे खरं. पण ते एका टाकीचं पाणी वापरणारे मासे होते.

लासलगावच्या कांद्याचंही तेच. तिथल्या केंद्रात २००२ पासून कोबाल्ट-६० चे गॅमा किरण वापरले जातात; कोंब येऊ नयेत म्हणून कांद्याला ६० ते ९० ग्रे पुरतात. त्याने गाभ्यातल्या वाढत्या पेशींचं विभाजन थांबतं. या किरणांची ऊर्जा १.१७ आणि १.३३ एमईव्ही, तेवढ्याने कांदा किरणोत्सर्गी होत नाही, चाळीत त्याला लागून पडलेला दुसरा कांदा तर नाहीच. कांद्याच्या भावाची धास्ती आधीच कमी आहे का, की त्यात ही भर घालायची?

आणि रुग्णांच्या डोसचं काय, असं कुणी विचारेल. इंटरनॅशनल कमिशन ऑन रेडिओलॉजिकल प्रोटेक्शनने २००७ च्या शिफारशींत या परिणामांचा विचार करूनही जोखमीचं गणित बदललं नाही. ते गणित बरंचसं हिरोशिमा-नागासाकीच्या माणसांवरून आलं आहे. त्यांच्या शरीरात पेशींचं आपसात जे काही झालं असेल, ते त्या आकड्यांत आलेलंच आहे.

आता मागण्या.

एकाच कंट्रोलचा निर्णय मागे घ्या. किरण आणि शेजारपेशी यांच्या प्रकल्पांना शॅम दाता, पेशीविरहित किरणित मीडियम, थेट किरण दिलेल्या पेशी आणि मीडियम न बदललेल्या पेशी, असे चारही कंट्रोल मंजूर करा, प्रत्येकाचे तीन फ्लास्क. दोन दिशांचा अभ्यास असेल तिथे एकट्या आणि सोबतच्या पेशी असे दोन्ही संच द्या. आपण वाचवलं किती, तेही मोजून पाहा: मीडियम बदलण्याच्या एका प्रयोगात ढोबळमानाने पंधरा फ्लास्क, सहा गाळण्या, ७५ मिली मीडियम आणि त्यातलं साडेसात मिली सीरम. मीडियमच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीचा सहावा हिस्साही नाही.

पैसे खरंच नसतील तर प्रकल्प कमी करा, कंट्रोल नको. चार गटांनी एकाच दिवशी, एकाच पेशीवंशावर, एकाच बाटलीतलं सीरम वापरून काम केलं तर कंट्रोलचा एक संच चौघांना पुरतो आणि रुग्णालयाची फेरीही एकच होते. तारीख जुळवायचं काम तेवढं समितीने करावं, कारण चार विभागप्रमुखांना एकत्र आणणं विद्यार्थ्याच्या आवाक्याबाहेरचं आहे.

किरण मिळालेल्या आणि न मिळालेल्या, दोन्ही जागांच्या डोसचा मोजलेला आकडा भौतिकतज्ज्ञांच्या सहीने जोडल्याशिवाय प्रबंध स्वीकारू नका. रुग्णालयाच्या विकिरण सुरक्षा अधिकाऱ्यांची परवानगी फोनवर नको, लेखी घ्या. पोस्टरच्या मथळ्यातच पेशीवंश, डोस आणि वेळ असू द्या, आणि त्याखाली मार्गदर्शकाची सही. सही करताना ते वाचतील, एवढीच त्यामागची आशा.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्यावा. फिल्म कशी लावायची, खोका कसा भरायचा, हे दाखवायला आम्ही आमच्या वेळात येऊ. विद्यार्थ्याला रुग्णालयात पाठवाल तेव्हा त्याच्या खोक्यात दोन्ही फ्लास्क आहेत का, तेवढं झाकण लावण्याआधी बघा.

कळावे,
आपले,
पेशीसंवर्धन, किरणमापन आणि अध्यापन करणारे काही नाशिककर